पुरुषांची गोळी टेस्ट करायला नाव द्यायचंय? आधी डबी नीट धरायला शिका

परवा रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. हिंजवडीत आयटीत आहे, दोन पोरं, धाकटी आत्ता पावणेदोन वर्षांची. म्हणाला, "ताई, ती पुरुषांची गर्भनिरोधक गोळी निघालीये म्हणे, हार्मोनवाली नाही ती, त्या ट्रायलमध्ये माझं नाव घाल ना, तुझी ओळख असेलच." मी म्हटलं अरे ट्रायल म्हणजे काय बालगंधर्वचं तिकीट आहे का ओळखीने मिळायला. तेवढ्यात मागून वहिनी, "ताई, त्याला आधी विचारा, गोळी चालली नाही तर दिवस कोणाला जाणार?" तो एकदम गप्प. मग जे बोलणं सुरू झालं ते बारा वाजेपर्यंत चाललं, आणि तेच इथे लिहून काढतेय कारण असं विचारणारा तो काही एकटा नाहीये, वर्षभरात चौथा-पाचवा असेल.

माझं म्हणाल तर आधी चार वर्षं एका अँड्रॉलॉजी लॅबमध्ये होते, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचे स्पर्म मोजायचे, आणि त्यानंतर क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर, डायबेटिस, दमा, लस असल्या ट्रायल्स. या गोळीच्या ट्रायलवर मी काम केलेलं नाही हे आधीच सांगते. पण फॉर्म कसा वाचायचा, सॅम्पल कसं द्यायचं आणि व्हॉलंटिअर हमखास कुठे माती खातात हे रोज बघते, त्यामुळे तेवढं नक्की सांगू शकते. आणि हो, बाई असून हे सगळं लिहितेय, ज्यांना लाज वाटते त्यांनी पाणी पिऊन या मग वाचा.

पहिलं म्हणजे ही गोळी आत्ता कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. पुरुषांची कुठलीच गर्भनिरोधक गोळी जगात कुठेही मंजूर झालेली नाही. कोणी ऑनलाइन विकत असेल, आयुर्वेदिक म्हणून असो की इम्पोर्टेड म्हणून, तर सरळ फसवणूक समजा.

आता हार्मोनची नाही म्हणजे नक्की काय. पुरुषांसाठी आजवर जे करून बघितलं त्यातलं बरंचसं हार्मोनचंच होतं, बाहेरून टेस्टोस्टेरॉन वगैरे द्यायचं, मग मेंदूला वाटतं झालं पुरे आता, आणि खालचा कारखाना बंद पडतो. असल्या इंजेक्शनची ३२० पुरुषांवर मोठी ट्रायल झाली होती, स्पर्मचा काउंट मस्त खाली गेला पण मूड बिघडणं, पुरळ, अंग दुखणं अशा तक्रारी वाढल्या आणि २०११ मध्ये नवीन डोस देणं थांबवलं. बायका १९६० पासून हेच सगळं सहन करत गोळ्या खातायत हा मुद्दा मी इथे फक्त टोचून ठेवते, पुढे जाऊया.

ज्या गोळीची सध्या चर्चा आहे तिचं नाव वायसीटी-५२९. अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीत गुंडा गेऑर्ग यांच्या लॅबमध्ये तिचं काम झालं, पुढे युअरचॉइस थेराप्युटिक्स ही कंपनी ते पुढे नेतेय. अ जीवनसत्त्वापासून आपलं शरीर रेटिनॉइक ॲसिड बनवतं, ते वृषणातल्या पेशींमध्ये एका ठरलेल्या जागी जाऊन बसलं की स्पर्म बनायची गाडी पुढे सरकते. त्या जागेला रेटिनॉइक ॲसिड रिसेप्टर अल्फा म्हणतात. ही गोळी काय करते, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं त्या जागेवर रुमाल टाकून ठेवते. खरा पॅसेंजर येतो, सीट भरलेली, गाडी हलतच नाही. टेस्टोस्टेरॉनला हात लागत नाही, म्हणून नॉन-हार्मोनल. उंदरांना चार आठवडे दिली तर ९९ टक्के परिणाम, आणि बंद केल्यावर चार ते सहा आठवड्यांत त्यांना परत पिल्लं, हे २०२२ मध्ये जाहीर झालं.

तसं बघितलं तर हार्मोन नसलेली गोळी आपल्याला नवीन नाही. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने बनवलेली सेंटक्रोमन १९९१ पासून सहेली नावाने आहे, सरकारी दवाखान्यात तीच छाया म्हणून फुकट मिळते. फक्त ती बायकांसाठी. अर्थातच.

आता गाडी कुठपर्यंत आलीये ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. माणसांवरची पहिली ट्रायल ब्रिटनमध्ये झाली, निकाल जुलै २०२५ मध्ये छापून आले. १६ पुरुष, वय ३२ ते ५९, १० मिलिग्रॅमपासून १८० मिलिग्रॅमपर्यंत डोस, सुट्टे सुट्टे, रोज नाही, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी. गंभीर त्रास कोणाला झाला नाही, हार्मोन, मूड, सेक्सची इच्छा यात फरक दिसला नाही. पण गंमत अशी की त्या सोळाच्या सोळा जणांची नसबंदी आधीच झालेली होती! मुद्दाम तसेच लोक घेतले, कारण माणसात स्पर्म परत येतात की नाही हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, उगाच कोणाचं नुकसान नको. म्हणजे त्या ट्रायलमध्ये स्पर्म कमी झाले का हा प्रश्नच नव्हता, गोळी अंगाला सोसते का आणि रक्तात किती वेळ राहते एवढंच बघायचं होतं. त्यामुळे 'गोळी माणसांत पास झाली' असे जे फॉरवर्ड फिरत होते ते अर्धेच खरे. काउंटवर काय होतं ते बघायला पुढची ट्रायल २०२४ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झाली, तिथे २८ आणि ९० दिवस रोज गोळी.

हे ऐकून भाऊ म्हणतो, "मग मी आधी नसबंदी करून घेतो, म्हणजे पहिल्या टप्प्यात घेतील ना?" अरे गाढवा, नसबंदी केल्यावर तुला गोळी कशाला हवीये? वहिनी म्हणाली, "ताई थांबा, त्याला करू दे, मध्येच बोलू नका."

आपल्याकडे कसं चालतं ते सांगते. २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत, त्याप्रमाणे बाहेरच्या देशात शोधलेल्या औषधाची माणसांवरची अगदी पहिली टेस्ट भारतात करत नाहीत, तिकडच्या पहिल्या टप्प्याचा डेटा आधी दाखवावा लागतो. दिल्लीच्या ड्रग कंट्रोलरची परवानगी, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी, आणि सीटीआरआय म्हणजे भारताच्या ट्रायल रजिस्ट्रीत नोंद, हे तीन झाल्याशिवाय एकाही माणसाला गोळी देता येत नाही. रजिस्ट्रीतली नोंद १५ जून २००९ पासून कंपल्सरी आहे आणि ती वेबसाइट कोणालाही उघडता येते, पैसे नाही, लॉगिन नाही. तिथे सर्चमध्ये पुरुष गर्भनिरोधक असं इंग्रजीत टाकायचं, जी ट्रायल दिसेल तिच्यात 'साइट्स ऑफ स्टडी' खाली बघायचं पुणे आहे का, कुठलं हॉस्पिटल, डॉक्टर कोण, 'रिक्रूटमेंट स्टेटस' मध्ये भरती चालू आहे की संपली. व्हॉट्सॲपवर 'ट्रायलसाठी पुरुष पाहिजेत, रोख पैसे' असा मेसेज आला की आधी रजिस्ट्री नंबर मागायचा, सीटीआरआय ने सुरू होतो आणि पुढे वर्ष-महिना असतो. नंबर द्यायला का-कू केली की विषय संपला.

पुणेकरांना ट्रायल हा शब्द नवीन नाही, कोव्हिशिल्डचे पहिले व्हॉलंटिअर ऑगस्ट २०२० मध्ये इथेच भारती हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा आमचे फोन बंद पडायची वेळ आली होती इतके लोक नाव द्यायला तयार. लशीला रांग लागते, मग याला का लागू नये? पुरुष पुढे येत नाहीत असं सगळे म्हणतात पण खरगपूर आयआयटीच्या सुजॉय गुहांनी शोधलेल्या रिसग या पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी, ते पण स्पर्म वाहून नेणाऱ्या नळीत घ्यायचं इंजेक्शन बरं का, आयसीएमआरच्या ट्रायलमध्ये ३०३ पुरुष आलेच की. दुसऱ्या बाजूला २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३ टक्के. आता यावर मी काय बोलू.

आता फॉर्म. इन्फॉर्म्ड कन्सेंट फॉर्म पंधरा-वीस पानी असतो आणि ९० टक्के लोक शेवटचं पान काढून विचारतात 'सही कुठे करू'. असं करू नका. मराठी फॉर्म मागायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त मराठी कसलं असेल त्याची तयारी ठेवा. माझ्या एका जुन्या ट्रायलमध्ये कंपनीने पाठवलेल्या फॉर्मात लिहिलं होतं 'सहभागीस यदृच्छेने वाटप करण्यात येईल'. वडगाव धायरीचे एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "बाई, मला कोणाकोणात वाटणार तुम्ही?" चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार कोणाला खरं औषध आणि कोणाला नुसती साखरेसारखी गोळी, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. तर असं वाक्य आलं की बोट ठेवून विचारायचं, कोऑर्डिनेटरचं ते कामच आहे, आम्हाला राग येत नाही. आला तरी दाखवता येत नाही. फॉर्म घरी घेऊन जा, रात्री दोघांनी बसून वाचा, दुसऱ्या दिवशी या. 'आत्ताच सही करा' म्हणणाऱ्या जागेवरून उठून बाहेर जा.

फॉर्ममध्ये काय शोधायचं? तुम्ही कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकता हे वाक्य असलंच पाहिजे. एथिक्स कमिटीच्या माणसाचा नंबर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा. त्या कमिटीत कमीत कमी सात जण लागतात आणि त्यातले निम्मे तरी त्या हॉस्पिटलचे नसलेले, त्यामुळे डॉक्टरांबद्दलच तक्रार असेल तर ती तिथे करायची. ट्रायलमुळे काही झालं तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, हे नियमात आहे. आणि आता जे सांगतेय ते वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून दोनदा वाचा: आई किंवा वडील ट्रायलमध्ये असल्यामुळे पोटातल्या बाळावर काही परिणाम झाला तर तो पण ट्रायलमुळे झालेली इजा धरतात, तशी वेगळी नोंदच नियमात आहे. मग फॉर्ममध्ये बघायचं की बायकोला दिवस राहिले तर काय, कोण तपासणार, किती महिने लक्ष ठेवणार, खर्च कोणाचा. तिच्यासाठी वेगळा फॉर्म आणि तिची वेगळी सही असली पाहिजे. नवऱ्याच्या सहीत बायकोची सही धरलेली नसते, हे रेशनकार्ड नाहीये.

अ जीवनसत्त्वाचा रस्ता अडवणारं औषध असल्यामुळे हा मुद्दा मी जरा जास्तच ताणतेय. पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन गोळी माहीत असेल, ती पण याच घराण्यातली, आणि ती घेताना बाईला दिवस राहता कामा नयेत म्हणून डॉक्टर किती बजावतात. इथे गोळी पुरुष घेतोय, गोष्ट वेगळी, पण विचारून घ्यायला काय जातं. तुम्ही स्वतः जिमवाल्याने दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइल, असलं काही घेत असाल तर स्क्रीनिंगला, म्हणजे भरतीआधीच्या तपासणीला, सगळे डबे पिशवीत घालून घेऊन या, नावं आठवत बसू नका.

आणि खोटं बोलू नका, विशेषतः दारूबद्दल. याची एक जुनी गोष्ट आहे. १९५०-६० च्या सुमारास अमेरिकेत ऑरेगॉनच्या तुरुंगातल्या कैद्यांवर विन १८,४४६ नावाचं औषध करून बघितलं, हार्मोनचं नव्हतं, स्पर्म कमी झाले, बंद केल्यावर परत आले, सगळे खूष. तुरुंगात दारू कुठून मिळणार, त्यामुळे बाहेरच्या माणसांना देईपर्यंत कळलंच नाही की वर पेग मारला की उलट्या, घाम, छातीत धडधड. पुढे कारण सापडलं, दारू पचवणारं आणि वृषणात रेटिनॉइक ॲसिड बनवणारं एन्झाइम एकाच कुटुंबातलं, औषध दोघांनाही अडवायचं. वायसीटी-५२९ त्या एन्झाइमला हात लावत नाही, पुढचा रिसेप्टर अडवते, म्हणून तिथला धडा घेऊनच ती बनवलीये असं म्हणायला हरकत नाही. पण तुम्ही 'कधीतरी, ऑफिस पार्टीला' असं सांगून दर शुक्रवारी बाणेरला बसत असाल तर त्या डेटाचा काय उपयोग.

दुसरी गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना जास्त कळेल. गॉसिपॉल हे सरकीतलं द्रव्य. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात, त्यावरून शोध लागला आणि १९७० च्या दशकात आठ हजारांवर पुरुषांना ते दिलं. काउंट पडला. पण काही जणांचं रक्तातलं पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडायला लागले, आणि काही जणांचे स्पर्म परत आलेच नाहीत. म्हणून असल्या ट्रायलमध्ये रक्ताच्या ट्यूबा भराभर भरून घेतात, लिव्हर, किडनी, पोटॅशियम, टेस्टोस्टेरॉन, एफएसएच नावाचं हार्मोन, वर ईसीजी, वर मूडची प्रश्नावली. 'एवढं रक्त कशाला' म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी ही सरकीची गोष्ट सांगते.

आता मुख्य विषय, डबी.

वीर्याचं सॅम्पल देणं सोपं वाटतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच. आधी २ ते ७ दिवसांचा गॅप, म्हणजे त्या दिवसांत काहीही नाही, ना बायकोबरोबर ना एकट्याने. एक दिवसाचा गॅप ठेवून आलात तर काउंट कमी दिसणार आणि आम्हाला वाटणार गोळीची कमाल. दहा दिवसांनी आलात तर मेलेलं फार दिसतं. प्रत्येक वेळी साधारण सारखाच गॅप ठेवा, समजा तीन दिवस तर दर वेळी तीन, आणि खरा आकडा सांगा. नर्ससमोर बोलायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, चालतं.

हात साबणाने धुवायचे, पुसायचे. कंडोममध्ये गोळा करून आणायचं नाही, त्यातल्या वंगणाने स्पर्म मरतात. थुंकी, तेल, क्रीम काही नाही. लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या स्टराइल डबीतच, जॅमची बाटली उकळून आणणारे महाभाग मी पाहिलेत. सगळं सॅम्पल डबीत पडलं पाहिजे, आणि सुरुवातीचं सांडलं तर सांगायचंच सांगायचं, कारण सगळ्यात जास्त स्पर्म त्या पहिल्या थेंबांतच असतात. उरलेलं कितीही दिलं तरी रिपोर्ट चुकणार. लोक लाजून सांगत नाहीत. अहो आम्ही रोज वीस बघतो, तुमचं सांडलं म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर चर्चा करत नाही.

शक्यतो सेंटरवरच द्या. घरून आणायचं तर तासाच्या आत आणि अंगाच्या उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात. लॅबमध्ये असताना मे महिन्यात वारज्याहून एक जण आला होता, डबी ॲक्टिव्हाच्या डिकीत, ती पण हेल्मेटखाली. नळ स्टॉपला सिग्नलला अडकला, पार्किंग मिळेना, आला तेव्हा डिकी तव्यासारखी तापलेली. स्लाइडवर ठेवलं तर एकही हलत नाही, सगळे मेलेले. तो बिचारा रिपोर्ट घेऊन रडायच्या बेतात, लग्नाला चार वर्षं झालेली. मी म्हटलं दादा रिपोर्ट फाडा, चार दिवसांनी या, इथेच बसून द्या. आला. साठ टक्के पळत होते.

सेंटरवर द्यायचं तर खोली आधी बघून घ्या हे पण सांगते. एका ठिकाणी मी काम करत होते तिथे सॅम्पलच्या खोलीला कडी नीट लागायची नाही, बाहेर लागूनच वेटिंगचा बाक, आणि मावशी दर दहा मिनिटांनी दार वाजवून "झालं का हो?" अशाने कोणाचं होणार? मी तीन वेळा लेखी दिलं कडी बसवा म्हणून, शेवटी मीच मंडईतून वीस रुपयांची कडी आणली. तर स्क्रीनिंगच्या दिवशी सरळ म्हणा, खोली दाखवा. कडी लागते का बघा.

मोजतात कसं ते पण कळू दे. सॅम्पल आधी घट्ट असतं, अर्ध्या तासात पातळ होतं, मग न्यूबॉर चेंबर नावाच्या काचेवर चौकोन आखलेले असतात त्यात थेंब टाकून चौकोनातले मोजायचे. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये मिलीलिटरला १६ मिलियन ही खालची रेघ आहे, म्हणजे १ कोटी ६० लाख. गर्भनिरोधकाच्या ट्रायलमध्ये मात्र ध्येय असतं १ मिलियन किंवा त्याखाली. पुरुषांना नेहमी वाटतं काउंट जास्त तर चांगलं, इथे उलटं, त्यामुळे रिपोर्ट बघून घरी तोंड पाडून बसू नका. एकही दिसला नाही तर लगेच शून्य लिहीत नाही आम्ही, ते सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तळाशी जो साका बसतो तो परत बघायचा, कारण लपलेला एखादा असतोच.

यानंतरचा मुद्दा लोक सोडून देतात, तो म्हणजे ताप. एक स्पर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडायच्या नळीतून प्रवासाचे आणखी काही दिवस. म्हणजे आज डबीत जे आहे ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. आता पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरला काय असतं, डेंगी, चिकनगुनिया, घरटी एक ताप. ऑगस्टमध्ये तीन दिवस १०२ ताप आला की ऑक्टोबरचा काउंट आपोआप पडलेला, गोळीचा काही संबंध नाही! म्हणून ट्रायलवाले रोजच्या नोंदीची डायरी देतात त्याच्या आधीपासूनच एक साधी वही करा, त्यात ताप किती आणि किती दिवस, कुठलं अँटिबायोटिक, सॉना किंवा स्टीम घेतली का, मांडीवर लॅपटॉप ठेवून वर्क फ्रॉम होम किती तास, दारू, तंबाखू, आणि गोळी किती वाजता घेतली. भाऊ म्हणाला मी एक्सेल करतो. कर बाबा, पण त्याच दिवशी भर, महिन्याच्या शेवटी बसून एका बैठकीत तीस दिवस भरणारे आम्हाला लगेच कळतात, सगळीकडे '९.००' लिहिलेलं असतं. एखादा डोस चुकला तर तसंच लिहायचं, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, फोन करायचा.

याच ७४ दिवसांमुळे गोळी सुरू केली आणि त्याच आठवड्यात बिनधास्त असं होत नाही. ट्रायलचे तीन भाग पडतात. पहिला भाग काउंट खाली यायचा, त्या सगळ्या काळात कंडोम किंवा बायकोचं जे चालू असेल ते चालूच ठेवायचं. 'आठवडा झाला, आता कशाला' हा सगळ्यात महागात पडणारा विचार. नसबंदीनंतर पण तीन महिने आणि मग तपासणी, तोवर काळजी, तोच नियम. दुसरा भाग, काउंट १ मिलियनच्या खाली गेला, परत तपासून पक्कं झालं, की फक्त गोळीवर भरवसा. या भागात प्लासिबो देत नाहीत, देणार कसा, साखरेची गोळी देऊन जोडप्याला कंडोम सोडा म्हणणं म्हणजे पाळणा हलणारच. इथे मोजतात ते दिवस राहण्याचं प्रमाण, पर्ल इंडेक्स म्हणतात. हिशोब सोपा आहे, समजा २०० जोडपी १२ महिने, म्हणजे २४०० महिने, त्यात ४ जणींना दिवस राहिले, तर ४ गुणिले १२०० भागिले २४००, उत्तर २. शंभर बायकांमागे वर्षाला दोन. कंडोमचं, घरोघरी जसा वापरतात तसा धरला तर, १३ च्या आसपास जातं. आणि लक्षात घ्या, गोळी पुरुषाच्या पोटात आणि मोजणी बायकोच्या पाळीची. म्हणून तिची पाळी चुकली की त्याच दिवशी कळवायचं, आठवडाभर 'होईल होईल' करत बसायचं नाही, आणि ते कळवणारी तीच असली पाहिजे, तिच्या फोनमध्ये पण आमचा नंबर हवा. वहिनीला मी एवढंच सांगितलं, ट्रायलला जाताना पहिल्या व्हिजिटला तू पण जा, आणि तुझे प्रश्न त्याच्यामार्फत नको, स्वतः विचार. तिने तेवढ्यात फोनवरच तीन विचारले.

तिला अजून एक सुचवलं. आणखी मूल हवंय की नको हे आधी दोघांनी ठरवा. थोडं जरी 'बघू नंतर' असेल तर पहिल्या डोसआधी सॅम्पल फ्रीझ करून ठेवायची सोय ट्रायलमध्ये आहे का ते विचारा. आणि नक्की नकोच असेल तर खरं सांगू का, बिनटाक्याची नसबंदी सरकारी दवाखान्यात फुकट होते, दुपारी घरी, ट्रायलबियल काही लागत नाही. भाऊ यावर म्हणाला, "नाही ताई, मला संशोधनाला मदत करायचीये." कर्वे रोडला आठवी पिढी राहत असल्यासारखा आवाज होता. त्याला म्हटलं ज्यांच्या नावाचा रस्ता त्या अण्णांच्या मुलाने, र. धों. नी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे त्यापायी प्रोफेसरची नोकरी गेली, तू निदान डायरी वेळेवर भर.

तिसरा भाग गोळी बंद झाल्यानंतरचा, आणि आम्हाला सगळ्यात जास्त पळवणारा. उंदरांत चार ते सहा आठवडे लागले, माकडांत स्पर्म पूर्ववत व्हायला १० ते १५ आठवडे, माणसात किती ते असल्याच सॅम्पलवरून ठरतं. पण लोकांचं काय होतं, गोळी संपली, प्रवासभत्ता संपत आला, ऑफिसात अप्रेझल आलं, मग कशाला जायचं परत डबी घेऊन. गॉसिपॉलमध्ये जे झालं ते होत नाहीये ना हे फक्त या शेवटच्या सॅम्पलवर कळतं, आणि तुमचा काउंट जिथे सुरू झाला होता तिथे परत आला की नाही हे तुम्हालाच माहीत असायला हवं. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट जपून ठेवा, शेवटचा त्याच्याशेजारी ठेवून बघा, आणि तोपर्यंत काउंट वाढतोय म्हणजे कंडोम परत चालू, हे विसरू नका. दुपारी बाराच्या सुमारास अनोळखी लँडलाइनवरून कोणी बाई "दादा, सॅम्पल राहिलंय तुमचं" म्हणाली तर क्रेडिट कार्डवाली समजून कट करू नका, ती मीच असेन किंवा माझ्यासारखी कोणीतरी.